शाळूतील सोंडे आणि कडुनिंबाचा पाला : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार,

शाळूच्या (रब्बी ज्वारीच्या) पोत्यात कडुनिंबाचा ताजा पाला घालूनही आषाढात सोंडे (दाणे पोखरणारे किडे) झाले, तेव्हा हे उपाय निरुपयोगी आहेत आणि त्यापेक्षा धान्यात ठेवायची बाजारातील कीडनाशक गोळी बरी, असे आपण गडहिंग्लजहून कळवले आहे. वर्षाच्या बेगमीचे धान्य हातचे गेल्यावर असे वाटणे स्वाभाविक आहे. पण आपला निष्कर्ष मला मान्य नाही.

वनस्पतिजन्य उपायाचा गुण येतो की नाही, हे बरेचसे कीड अंडे कोठे घालते यावर ठरते. कीड लागलेले मूठभर मूग उजेडात धरून पाहा. सालीवर पांढुरके, चिकटलेले ठिपके दिसतील. ती भुंगेऱ्याची अंडी. किलोमागे ५ ते १० मिलिलिटर खाद्यतेल किंवा एरंडेल दाण्यांना सारखे चोळले, की या अंड्यांवर पातळ थर बसून त्यांची हवा तुटते आणि बहुतेक अळ्या दाण्यात शिरण्यापूर्वीच मरतात. तुरीला, मुगाला तेलाचा हात लावून ठेवण्याची आपल्याकडची रीत म्हणूनच टिकली. सोंड्याची गोष्ट वेगळी आहे. त्याची मादी दाण्याला भोक पाडून आत अंडे घालते आणि वरून चिकट स्रावाने ते भोक बुजवून टाकते. पुढे अळी आणि कोष या दोन्ही अवस्था दाण्याच्या पोटातच पार पडतात. ही लागण अनेकदा शेतातूनच धान्याबरोबर घरी येते. पोत्यात वरून घातलेला पाला तिथवर पोहोचणार कसा?

त्यातही ताजा पाला स्वतःची ओल धान्याला देतो, आणि सोंड्यांना नेमकी तीच हवी असते. पाला सावलीत कडकडीत वाळवूनच वापरावा, कारण त्यातील कीडरोधक द्रव्य उन्हात लवकर नष्ट होते. निंबोळीच्या बीतील गराची भुकटी पाल्यापेक्षा बरीच प्रभावी असते. मात्र ती कडू असल्याने बियाण्यालाच लावावी. वेखंडाची भुकटीही बियाण्यापुरतीच ठेवावी, ही माझी आग्रहाची विनंती आहे. अमेरिकेत १९६८ पासून खाद्यपदार्थांत वेखंड वापरण्यास बंदी आहे.

शाळूसाठी खरा आधार वाळवणीचा आहे. ओलावा १२ टक्क्यांच्या खाली यायला हवा. दाणा दाताखाली कट्‌कन फुटला पाहिजे. एवढे करूनही धान्य गोणपाटात ठेवले, तर आपल्याकडच्या पावसाळी हवेत ते पुन्हा ओल धरते. म्हणून ते पूर्ण गार झाल्यावर घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या कोठीत काठोकाठ भरावे आणि पाला या सगळ्याच्या जोडीला असावा.

राहिली गोळी. हवेतील ओलाव्याने तिच्यातून फॉस्फीन वायू सुटतो, आणि त्याच्या विषबाधेवर उतारा नाही. माणसे झोपतात त्या घरात ती कधीही ठेवू नका. उरलेला शाळू चाळून, कडक उन्हात पातळ पसरून वाळवा आणि तोच आधी दळायला काढा.