घर पुरात गेलं, आता जामिनाला पत्ता कुठला द्यायचा?

"ज्याला पत्ताच न्हाई, त्याला कोर्टानं सोडायचं कशाच्या भरवशावर?" हवालदारकाकांनी एवढं विचारलं आणि कट्ट्यावरचा चहा निवून गेला तरी कुणाचं तिकडं लक्ष गेलं नाही.

विषय निघाला होता वकीलताईंच्या एका पक्षकारावरून. नदीकाठच्या गावातला शेतमजूर, बांधावरच्या भांडणातून झालेल्या मारामारीचा गुन्हा. जामीन मंजूर झाला आहे. आदेश असा, की पंचवीस हजारांचा जातमुचलका, म्हणजे हजर राहीन अशी स्वतःची लेखी हमी, आणि तेवढ्याच रकमेचा एक स्थानिक जामीनदार. मधल्या काळात पुरानं घराची भिंत गेली. बायकापोरं आधी शाळेतल्या निवारा केंद्रात होती, आता अथणीकडं माहेरी आहेत. जामीन राहायला चुलतभाऊ तयार आहे, पण त्याचं रेशन कार्ड आणि घरपट्टीची पावती चिखलात गेली. मेव्हणाही तयार आहे, त्याचे कागद कोरडे आहेत, पण तो पडला कर्नाटकातला. म्हणून जामीन मिळूनही माणूस अजून आतच आहे.

"आवो ताई, कोर्टाचं चुकलं काय त्यात?" काका म्हणाले. "माझी निम्मी नोकरी समन्स-वॉरंट बजावण्यात गेली. दिलेल्या पत्त्यावर जावं तर दाराला कुलूप. शेजारी सांगणार, पुण्याला गेला. पुण्यात कुठं, ते कुणालाच ठाव नसतं. तक्रारदार बाई दर तारखेला मजुरी बुडवून येणार आणि ह्यो गायब. जामीनदार असला की निदान त्याच्या दारात तरी जाता येतं."

काकांचं हे म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. आरोपी हजर नाही म्हणून खटला अडतो, तेव्हा सगळ्यात जास्त झिजतो तो तक्रारदार. पण हा माणूस पळालेला नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांपर्यंत चढली होती, धोक्याची पातळी ४५ फूट असताना. गावंच्या गावं उठून शाळांत, मंगल कार्यालयांत, पाहुण्यांकडं गेली. सांगलीच्या कारागृहातसुद्धा पाणी शिरलं होतं. त्या आठवड्यात पोलीस समन्स घेऊन आले असते, तर नदीकाठचा कोणता माणूस आधार कार्डावरच्या पत्त्यावर सापडला असता?

किराणावाले दादा इतका वेळ गप्प होते. म्हणाले, "मी एकदा राहिलोय जामीन. दुकानाच्या गाळ्यावर ऐपत दाखवली होती. एकोणीसला त्याच गाळ्यात छताला पाणी लागलं. माल गेला, उधारीच्या वह्या गेल्या. मग माझी ऐपत गेली का राहिली?"

ताईंनी यावर जे सांगितलं ते आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४८८, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं ४४३, असं आहे की घेतलेला जामीनदार नंतर अपुरा ठरला, तर बाहेर असलेल्या आरोपीवरही कोर्ट अटक वॉरंट काढू शकतं. नवा जामीनदार आण म्हणू शकतं, आणि नाही आणला तर तुरुंगात धाडू शकतं. जामीनदार वारला किंवा दिवाळखोर झाला तर कलम ४९३ आहे, तिथंही नव्यानं हमी मागता येते. म्हणजे पाणी शिरलं दादांच्या दुकानात आणि टांगती तलवार आली दुसऱ्याच कुणावर.

"जुलै २०२१ मध्ये महाडच्या तळीयेवर दरड आली," ताई म्हणाल्या. "ऐंशीच्या वर माणसं गेली. अशा गावातल्या कुणाचा जामीनदार त्यात गेला असेल, तर त्यानं दुसरा आणायचा कुठून? गरिबाचा जामीनदार त्याच्याच गल्लीतला असतो, काका. आरोपीचं घर आणि जामीनदाराचं घर एकाच रात्री जातं."

काका जरा थांबले. मग म्हणाले, "मग बाहेरगावचा घ्या. पर त्यो तरी पळाला तर शोधायचा कोण?"

इथं ताईंनी मोतीराम खटला काढला. १९७८ चा, सर्वोच्च न्यायालयाचा, न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांचा निकाल. मोतीराम मध्य प्रदेशातला गवंडी होता. दंडाधिकाऱ्यांनी दहा हजारांचा जामीनदार मागितला आणि भावाची हमी नाकारली, कारण भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात होती. सर्वोच्च न्यायालयानं त्याला हजार रुपयांच्या स्वतःच्या मुचलक्यावर सोडायला सांगितलं. त्यानंतर इतकी वर्षं गेली आणि ३१ जानेवारी २०२३ ला याच न्यायालयाला पुन्हा सांगावं लागलं, की स्थानिक जामीनदाराच्या अटीमुळं सुटका लांबते, तिथं ती अट घालू नये. जामीन मिळूनही सात दिवसांत कैदी सुटला नाही तर तुरुंग अधीक्षकांनी गरिबांना मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं. महिनाभरात हमीपत्र भरलं गेलं नाही, तर कोर्ट आपणहून अटी बदलण्याचा विचार करू शकतं.

"करू शकतं," काका म्हणाले. "करायलाच पायजे असं न्हाई."

"नाही," ताई म्हणाल्या. "तिथंच तर अडतंय."

मला तो महिना फार मोठा वाटतो. पूर ओसरला की पंचनामे त्याच दिवसांत होतात. कर्ता माणूस आत, बायको माहेरी, पडलेल्या भिंतीजवळ उभं राहून "हे आमचं" म्हणायला कुणी नाही. अशानं यादीतून नाव सुटतं आणि मग वर्षभर हेलपाटे.

यादीवरूनच मी माझं म्हणणं मांडलं. ऐपतीचा दाखला देतं तहसील कार्यालय. पुराच्या पंचनाम्यांची यादी जमते तीही तहसील कार्यालयातच. तुझं घर गेलं, असं सरकारनं स्वतः लिहून घेतलेलं आहे. तरी त्याच माणसाकडं कोर्टात त्याच घराची पावती मागितली जाते. मी म्हणतो, ती यादीच कोर्टात द्या. पंचनाम्याची प्रत, निवारा केंद्राच्या रजिस्टरातली नोंद, सध्या ज्यांच्याकडं राहणार त्यांचं पत्र आणि एक चालू मोबाइल नंबर. विधी सेवा प्राधिकरणाच्या स्वयंसेवकानं एकदा जाऊन खात्री करावी आणि माणसाला जातमुचलक्यावर सोडावं. मुचलक्याची रक्कम परिस्थिती पाहून ठरवावी, अवाजवी नसावी, हे सुरक्षा संहितेचं कलम ४८४ सांगतंच. जामीनपात्र गुन्ह्यात तर कलम ४७८ प्रमाणं अटकेपासून आठवडाभरात जामीनदार देता आला नाही की माणूस निर्धन धरला जातो आणि त्याला बिनजामीनदाराचं सोडावं लागतं.

"यादीत बोगस नावं किती घुसत्यात, म्हाईत हाय न्हवं?" काका.

"घुसतात. पण पैसे वाटायला जी यादी सरकारला चालते, ती पत्ता मानायला का चालू नये?" यावर काकांनी चहा मागवला, पहिला तसाच राहिला होता.

तारखा चुकण्यावर मात्र आमचं लवकर जुळलं. जामिनावर असताना पुरेशा कारणाशिवाय गैरहजर राहिलं तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २६९ खाली वर्षापर्यंत कैद होऊ शकते, आणि कारण पुरेसं होतं हे आरोपीनंच सिद्ध करायचं. पूल पाण्याखाली होता, हे मजुरानं सिद्ध का करत बसायचं? पाणीपातळीची नोंद सरकारकडंच असते. त्या आठवड्यातल्या सगळ्या तारखा कोर्टानं आपणहून पुढं ढकलाव्यात आणि वॉरंट काढू नये, हे काकांनीही मान्य केलं. ताईंनी अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्सचं सांगितलं. २००५ च्या कतरीना वादळानंतर तिथल्या तुरुंगातले कैदी राज्यभरच्या तुरुंगांत पांगवले गेले, आणि किरकोळ आरोपातले लोकसुद्धा वकिलाचं तोंड न बघता महिनोन्‌महिने आत राहिले. हे पैसेवाल्या देशात झालं.

उठता उठता काकांनी जो मुद्दा काढला त्याला माझ्याकडं तयार उत्तर नव्हतं. "निवारा केंद्र एकच, शाळा एकच. ह्यो सुटून तिथंच आला, आणि ज्याला मारलं त्यो बी बायकापोरांसकट त्याच खोलीत झोपतोय. मग?"

ताईंनी वही काढली. तक्रारदार कुठं राहतोय हे आधी पोलिसांकडून विचारून घ्यावं, आरोपीनं दुसरीकडं राहावं अशी अट आदेशातच असावी, आणि तो सुटणार असल्याचं तक्रारदाराला सुटकेआधी कळवावं, असं त्यांनी लिहून घेतलं. मला हे पटतं, आणि अर्जात हे आमच्या मागणीच्याही वर यायला हवं असं वाटतं. गंभीर गुन्ह्यात यातलं काहीच चालणार नाही, असं काकांचं अजूनही मत आहे. ताईंचं तसं नाही. त्यांच्या मते गुन्हा कितीही मोठा असो, तिथं जामीन द्यायचा की नाही यावर भांडावं, पण एकदा दिल्यावर बुडालेल्या घराची पावती मागू नये. सोमवारी त्या अट बदलण्याचा अर्ज देणार आहेत. पंचनाम्याची प्रत काढायला उद्या सकाळी तहसीलला दादा जाणार आहेत, आणि तिथं ओळख आहे म्हणून काकाही बरोबर जातो म्हणालेत.