गुप्तधन शोधणाऱ्यांच्या सुरक्षिततेसाठी काही नम्र सूचना

मेटल डिटेक्टर ही वस्तू पूर्वी विमानतळावर आणि मोठ्या देवस्थानांच्या दारातच दिसत असे. आता ती सुलभ मासिक हप्त्यांवर घरपोच मिळते. त्यामुळे पावसाळा सरला की दर शनिवारी-रविवारी आमच्या गडाच्या पायथ्याशी कानाला हेडफोन लावलेली, हातात लांब दांडा आणि त्याच्या टोकाला गोल तबकडी धरलेली काही मंडळी माना खाली घालून फिरताना दिसतात. गेल्या महिन्यात असेच दोन तरुण न विचारता माझ्या शेतात आले, आपले कार्य उरकले आणि न सांगता निघूनही गेले. त्यांच्या पश्चात जे काही मला निस्तरावे लागले, त्यावरून माझी अशी खात्री झाली की या नव्या संशोधकवर्गाला उघड्यावरील अनपेक्षित धोक्यांची पुरेशी कल्पना कोणीच देत नाही. यंत्राबरोबर येणाऱ्या पुस्तिकेत बॅटरी कशी बदलावी एवढेच असते. म्हणून या सूचना.

पहिला धोका प्रत्यक्ष सह्याद्रीचा आहे. आपण ज्या परदेशी चित्रफिती पाहून यंत्र घेतले, त्यांतील गृहस्थ इंग्लंडमधल्या मऊ, नांगरलेल्या मातीत उभे असतात आणि त्यांना रोमन नाणी सापडतात. आपण उभे आहात ते बसाल्टवर. या काळ्या दगडात मॅग्नेटाइट हे चुंबकीय लोहखनिज असते, आणि कोकणातला जांभा तर लोहाच्या ऑक्साइडांनीच लाल झालेला असतो. त्यामुळे यंत्र दगडालाही ओरडते, फुटक्या कौलालाही ओरडते आणि जिथे पन्नास वर्षांपूर्वी कोणाची तरी चूल होती त्या भाजलेल्या मातीलाही ओरडते. आपण मात्र निराश होऊ नये, प्रत्येक आवाजाला हातभर खणावे. शिवकालीन होन निघाला नाही, तरी बैलांच्या खुरांच्या पत्र्या, बाटल्यांची बुचे आणि आतून चांदीचा कागद असलेल्या गुटख्याच्या पुड्या विपुल प्रमाणात निघतील. त्या तिथेच टाकून द्याव्यात, म्हणजे पुढील रविवारी येणाऱ्या संशोधकाचीही सोय होते.

हेडफोन कधीही काढू नये. घोणस डिवचली गेली की चावण्याआधी कुकरच्या शिट्टीसारखा मोठा फुत्कार टाकते, आणि फुरसे अंगावरचे खवले एकमेकांवर घासून करकर आवाज काढते. ही दोन्ही जनावरे आपल्याला पळून जाण्याची संधी देत असतात. परंतु नाण्याचा बारीक सूर ऐकण्यासाठी ज्यांनी कान झाकून घेतले आहेत, त्यांच्या एकाग्रतेत असल्या इशाऱ्यांनी व्यत्यय येता कामा नये. फुरसे दगडाखाली बसते, आणि गुप्तधनही दगडाखालीच असते असे आपले शास्त्र सांगत असल्यामुळे हात आधी आणि नजर नंतर घालावी. दंश झालाच, तर चित्रीकरण पूर्ण करून, ओळखीच्या मांत्रिकाकडे जाऊन आणि मग वेळ उरल्यास सरकारी दवाखान्यात जावे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्याही विषावर चालणारे प्रतिविष तिथे असते, पण त्यात रहस्य काहीच नाही.

कड्याच्या पोटाला आग्या मोहोळ लटकलेले दिसले, तर त्याच्या बरोबर खाली, अंगाला भरपूर अत्तर फवारून, खणायला बसावे.

वळवाचे ढग भरून आले असता उघड्या माळावर लोखंडी पहार खांद्यावर घेऊन उभे राहण्यास हरकत नाही. पायाळू, म्हणजे जन्मताना पाय आधी बाहेर आलेल्या, माणसाला जमिनीखालचे धन दिसते आणि त्याच्यावरच वीज पडते, असे आमच्या आजीच्या पिढीचे म्हणणे होते. यांपैकी पहिली गोष्ट आपण यंत्राने साध्य केलीच आहे.

मोठा, भरघोस आणि खोल आवाज आला तर मात्र विशेष उत्साह दाखवावा. लष्कराच्या गोळाबाराच्या सरावाची मैदाने अहिल्यानगरजवळ आहेत, देवळालीजवळ आहेत, आणि तिथे डागलेला प्रत्येक गोळा फुटतोच असे नाही. न फुटलेले गोळे मातीत रुततात, भंगारात चार पैसे मिळतील म्हणून आसपासची गरीब माणसे ते उकरायला जातात, आणि त्यांतली काही परत येत नाहीत. त्या बिचाऱ्यांना पोटाची निकड तरी होती. आपण सुट्टीचा विरंगुळा म्हणून तेच करणार आहात, हा आपला मोठेपणा. किल्ल्यावर आहोत म्हणून हायसे वाटण्याचेही कारण नाही. पोकळ पोटात दारू भरलेले कुलपी गोळे जुन्या काळीही होते, आणि 1818 साली इंग्रजांनी रायगडावर केलेल्या अशाच माऱ्यात गडावरच्या वाड्यांना आग लागली होती. तेव्हा गंजलेला वाटोळा गोळा हाती लागला, तर तो भरीव आहे की पोकळ हे कुदळीच्या तुंब्याने ठोकून पाहावे.

कायद्याचा धोका मी येथे केवळ औपचारिकता म्हणून नोंदवतो, कारण आपण त्याला भीत नाही हे मी पाहिले आहे. 1878 चा निखात निधी कायदा म्हणतो की जमिनीत दडलेली 10 रुपयांहून अधिक मोलाची ठेव सापडली, तर सापडवणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवले पाहिजे. न कळवल्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. शिवाय राष्ट्रीय संरक्षित स्मारकाच्या क्षेत्रात विनापरवाना खोदकाम केले, तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. यातली खरी मौज पुढे आहे. जागेच्या मालकाने या लपवाछपवीला साथ दिली असे ठरले, तर त्यालाही सहा महिन्यांपर्यंतच्या कैदेची तरतूद त्याच 1878 च्या कायद्यात आहे. म्हणजे खणणार आपण, पळणार आपण, आणि पोलीस पाटलासमोर उभा राहून ‘मी त्यांना ओळखत नाही’ असे शपथेवर सांगणार मी.

आता जमिनीखालून जाणाऱ्या केबलविषयी. ही सूचना थोडी लांबेल, त्याला माझा इलाज नाही.

विहिरीवरची मोटर आणि डीपी, म्हणजे विजेचे रोहित्र, यांच्यामध्ये एक केबल असते. ती उघडी ठेवली की चोरीला जाते, हे कोणत्याही शेतकऱ्याला सांगावे लागत नाही, आणि पोलीस ठाण्यात ती तक्रार कशी लिहून घेतली जाते हेही सांगावे लागत नाही. म्हणून मी ती दोन फूट खोल चर खणून गाडली होती. केबलचोरांना जे साधले नाही ते आपल्या यंत्राने साधले. धातूची एवढी लांब, सरळ आणि अखंड रेषा वाजत गेल्यावर आपणांस ती खजिन्याकडे जाणारी साखळी वाटली असावी. पेशव्यांच्या काळी लोक सोन्याची साखळी बांधाच्या कडेने, थेट विहिरीच्या दिशेने पुरून ठेवत असत, असा आपला समज झाला असल्यास मी तो समजू शकतो. आपण त्या रेषेवर ओळीने खड्डे घेतले आणि त्यांतल्या एका खड्ड्यात कुदळीचा घाव केबलवर बसवला. तीन फेजची, चारशेपेक्षा जास्त व्होल्टची ती केबल आहे. आपण आज जिवंत आहात याचे श्रेय आपल्या दैवताला देऊ नये, ते वीजपुरवठ्याच्या वेळापत्रकाला द्यावे. त्या आठवड्यात शेतीच्या विजेची आमची पाळी रात्रीची होती. ज्या रात्रीच्या पाळीला आम्ही वर्षानुवर्षे शिव्या घालत आलो, तिने दोन उपटसुंभांचे प्राण वाचवले.

मी मात्र रात्रीच तिथे गेलो. कांद्याची लागण ऐन भरात, रोपाला पाणी देण्याची घाई, थंडी मी म्हणत असलेली, आणि स्टार्टरचे बटण दाबल्यावर मोटर नुसती गुरगुरून बंद. फ्यूज गेला असेल म्हणून विजेरीच्या उजेडात डीपीकडे चालू लागलो, आणि त्या वाटेवर आपण घेतलेल्या खड्ड्यात माझा पाय गेला. त्याच खड्ड्यात, आदल्या पाण्याने ओल्या असलेल्या मातीत, सोललेल्या केबलचे तांबे उघडे पडले होते, आणि आता तिच्यात वीज होती. तो पाय अर्धी वीत पलीकडे पडला असता, तर या सूचना लिहायला कोणी उरले नसते. दुसऱ्या दिवशी वायरमन आला नाही. तिसऱ्या दिवशी आला तो केबल पाहून हसला. नवी केबल, जोडकाम, मजुरांचा वाया गेलेला रोज आणि वाळून गेलेले रोप यांचा हिशेब मी येथे मांडत नाही, कारण तो वाचून आपल्या संशोधनवृत्तीला तडा जाईल.

या साऱ्यावर कळस म्हणजे आपण प्रसिद्ध केलेली चित्रफीत. तीत माझे शेत, माझा बांध, मागे दिसणारा गड आणि ‘मराठेशाहीच्या खजिन्यापासून केवळ एक फूट दूर’ असा मथळा. तो एक फूट म्हणजे माझी केबल होती, हे आपण प्रेक्षकांना सांगितलेच नाही. तेव्हापासून गावात मला लोक वेगळ्या आदराने रामराम घालतात. चुलतभावाने वाटणीचा जुना कागद पुन्हा बाहेर काढला आहे. रात्री बांधावर विजेऱ्या दिसतात. एक गृहस्थ तर अमावास्येची वेळ आणि पूजेच्या सामानाची यादी घेऊनच दारात आले. गुप्तधनाच्या नावाखाली अघोरी प्रकार करणाऱ्याला 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली सात वर्षांपर्यंत आत जावे लागते, असे मी त्यांना सांगितले, तेव्हा ते म्हणाले की तुम्हाला एवढी माहिती आहे म्हणजे नक्कीच काहीतरी सापडलेले आहे. अफवेचे असेच असते. मार्च 2025 मध्ये मध्य प्रदेशातल्या बुऱ्हाणपूरजवळ असीरगडाच्या परिसरात मोगलांची सोन्याची नाणी निघतात अशी आवई उठली, एका गाजलेल्या चित्रपटाने तिला वारा घातला, आणि माणसे रात्री विजेऱ्या, कुदळी आणि हीच यंत्रे घेऊन लोकांच्या शेतांत उतरली. पोलीस येऊन गेले, खड्डे राहिले. बुऱ्हाणपूर संभाजी महाराजांनी 1681 साली लुटले होते. त्यानंतर तिथे खणून श्रीमंत होण्यासारखे किती उरले असेल, याचा विचार करण्याइतकी उसंत त्या गर्दीत कोणाला नव्हती.

आता सूचना पुरे. सरळ बोलतो.

आपण ज्याला छंद म्हणता तो छंद नाही, ती दुसऱ्याच्या जमिनीवरची घुसखोरी आहे. ज्या इंग्लंडकडे बोट दाखवता तिथेही जमीनमालकाच्या परवानगीशिवाय शेतात पाऊल टाकता येत नाही, संरक्षित स्थळावर परवान्याशिवाय हे यंत्र चालवणे गुन्हा आहे, आणि 1996 च्या कायद्याने निधी ठरणारी वस्तू सापडली तर ती कळवावी लागते. आपण यातले एकही बंधन घेतले नाही, यंत्र मात्र घेतले. आणि इतिहासाचे प्रेम म्हणून सांगू नका. इतिहासाचे प्रेम असलेला माणूस आधी विचारतो की वस्तू कुठे, किती खोल आणि कशाशेजारी होती. 1974 साली अहिल्यानगर जिल्ह्यातल्या दायमाबादला एका शेतकऱ्याला झाडाचा बुंधा उकरताना काशाचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा मिळाले. पुढे तिथे रीतसर उत्खनन झाले, तरीही मुळात ती चार शिल्पे अभ्यासकांसमोर त्यांच्या थरातून निघाली नव्हती, एवढ्यावरून त्यांच्या काळाविषयी विद्वानांत वाद राहिला. ते तर अनवधानाने घडले होते आणि जागा ठाऊक होती. आपण मुद्दाम, चोरून, भुसभुशीत खड्ड्यातून एखादी शिवराई उपटता, चिंचेने घासून लखलखीत करता, आणि घरी आल्यावर ती कुठल्या शेतातली हेही आपल्याला सांगता येत नाही. तिची माती गेली, थर गेला, शेजारचे खापर आपण फेकून दिले. आता ती विकत घेणाऱ्यालाही ती खरी की परवा कुठल्या कारखान्यात पाडलेली हे कळायला मार्ग नाही.

गडावर तटाच्या पायातले दगड हलवून खणता, पाऊस येतो, तट ढासळतो, आणि मग आपणच तिथे उभे राहून सरकार काही करत नाही म्हणून चित्रफीत काढता. लाज कशी वाटत नाही?

त्या दोघांपैकी कोणी हे वाचत असेल तर ऐका. गाडीचा क्रमांक तुमच्याच चित्रफितीत दिसतो आहे आणि तो मी लिहून ठेवला आहे. चित्रफीत आज काढून टाका, केबलचे आणि रोपाचे पैसे घेऊन या, आणि या वेळी बांधावरून नको, घराच्या दारातून या. येताना फावडे आणा. यंत्र घरी ठेवा. केबल मी नवी टाकून घेतली, पण बाकीचे खड्डे मी बुजवलेले नाहीत. ते तुम्ही बुजवायचे आहेत.