खुलासा : पाळीव मॅलार्ड सोडल्याने रानबदके वाढत नाहीत

अमेरिकेत शिकारीसाठी पैदास केंद्रांतील मॅलार्ड बदके सोडल्याने पूर्व किनाऱ्यावरील घटलेली रानमॅलार्डांची संख्या भरून निघेल, असा संदेश फिरत आहे. तो दिशाभूल करणारा आहे. ही प्रथा तिथे अनेक दशके चालू असूनही २०१९ मध्ये अटलांटिक स्थलांतरमार्गावर (पूर्व किनाऱ्यालगतच्या पक्ष्यांच्या स्थलांतराच्या पट्ट्यात) एका शिकाऱ्यासाठी मॅलार्ड शिकारीची दैनंदिन मर्यादा ४ वरून २ वर आणावी लागली. जनुकीय अभ्यासांत पूर्वेकडील बहुसंख्य रानमॅलार्डांमध्ये युरोपीय वंशाच्या पाळीव बदकांचा अंश आढळला असून, पाण्यातले बारीक बी गाळून खाण्यास कमी सक्षम असलेली पाळीव बदकांची चोच संकरातून पुढच्या पिढ्यांत उतरण्याची शक्यता मला सर्वांत गंभीर वाटते. पाळीव मॅलार्डांवर खूण करणे कायद्याने बंधनकारक आहे, मात्र खुणेने संकर थांबत नाही. घट केवळ संकरामुळेच झाली, असेही सिद्ध झालेले नाही. कृपया मूळ संदेश पुढे पाठवू नये.