बेस्टच्या त्या 400 बस ‘रिकॉल’ झाल्याच नव्हत्या

‘बेस्टने 400 सीएनजी बस रिकॉल केल्या, कारण सिलिंडर फुटतात. फिरते बॉम्ब आहेत, डिझेलची गाडी बघून चढा.’ हा मजकूर अजून ग्रुपांवर फिरतोय. त्यातलं खरं एवढंच, की फेब्रुवारी 2023 मध्ये महिन्याभरात तीन गाड्या पेटल्यावर बेस्टने एकाच कंत्राटदाराच्या 400 सीएनजी गाड्या रस्त्यावरून काढल्या.

‘रिकॉल केल्या’
नाही, थांबवल्या. गाड्या वेट लीजवर होत्या, म्हणजे गाडी, ड्रायव्हर आणि देखभाल कंत्राटदाराची. रिकॉल, म्हणजे दोष असलेल्या गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावणं, करतो उत्पादक. स्वतःहून, नाहीतर मोटार वाहन कायद्याच्या कलम 110अ खाली केंद्राच्या आदेशाने. हे कलम 2019 च्या दुरुस्तीत आलं. फरक नुसता शब्दांचा नाही. रिकॉलमध्ये दुरुस्तीचा भार उत्पादकावर पडतो, आणि दोष एखाद्या सुट्या भागात असेल तर तो भाग बसवलेल्या सगळ्या गाड्या, मॉडेल कुठलंही असो, परत बोलावता येतात. नुसत्या थांबवण्यात दुसऱ्या शहरातल्या तशाच गाडीला कुणी हात लावत नाही.

‘सिलिंडर फुटतात’
सिलिंडरमध्ये गॅस 200 बार दाबाने असतो, म्हणून भीती वाटणं साहजिक आहे. पण व्हॉल्व्हवर सुरक्षा प्लग असतो. साधारण 110 अंशांना तो वितळतो आणि गॅस बाहेर सोडतो. ज्वाळेचा मोठा फवारा दिसतो, लोक त्यालाच स्फोट म्हणतात. धोका उरतो तो प्लगचं तोंड रंगाने किंवा चिखलाने बुजलं असेल तर, किंवा आग सिलिंडरच्या मधोमध लागून टोकाचा प्लग थंडच राहिला तर. सिलिंडरची दर 3 वर्षांनी होणारी दाबचाचणी म्हणूनच चुकवायची नसते.

आग सुरू होते ती बहुतेकदा इंजिनाजवळ. बॅटरीकडून स्टार्टरला जाणाऱ्या जाड केबलला सहसा फ्यूज नसतो. एक क्लॅम्प सुटला की केबल चासीच्या (गाडीच्या सांगाड्याच्या) कडेवर घासते, वरचं आवरण सोलतं आणि 24 व्होल्टचं थेट शॉर्ट होतं. बॅटरी कट-ऑफ (बॅटरी तोडणारा स्विच) दाबेपर्यंत करंट वाहतच राहतो. जोडीला टर्बोच्या (इंजिनात जादा हवा ढकलणाऱ्या भागाच्या) ऑइल पाइपची गळती आणि निघालेलं हीट शील्ड (उष्णता अडवणारा पत्रा) असलं की तापलेल्या एक्झॉस्टवर तेल पेटतं. नंतर बसवलेले पंखे, दिव्यांच्या पाट्या यांची वायर फ्यूजच्या अलीकडून ओढणं हा तर आपल्याकडचा आवडता उद्योग.

‘डिझेलची बघून चढा’
वर लिहिलेल्या इंजिनाजवळच्या दोषांपैकी कुठला फक्त सीएनजीचा आहे? केबल तीच, टर्बो तोच.

‘रिकॉल झालेली गाडी भंगारात’
भंगारात जात नाही. बहुतेक वेळा सर्व्हिस सेंटरात किंवा डेपोतच चासी नंबर रिकॉलच्या यादीशी जुळवतात, क्लॅम्प, केबल किंवा पाइप बदलतात आणि जॉबकार्डवर नोंद करतात. घोळ होतो तो गाडी एका कंत्राटदाराकडून दुसऱ्याकडे गेली की: रिकॉलचं पत्र जुन्या मालकाच्या पत्त्यावर पोचतं आणि गाडी तशीच धावत राहते. जुनी गाडी ताफ्यात घेताना चासी नंबर कंपनीला कळवून रिकॉलचं काम बाकी आहे का, याचं उत्तर लेखी घ्यावं.