आधी पासवर्ड बदला, मग विचार करा

शनिवारची रात्र, पावणेअकरा. पोरगं झोपलंय, भांडी घासून झालीत, घरातलं वायफाय फक्त तुमचं आहे. आठवडाभर ज्या दोन तासांकडे डोळे लावून बसला होतात ते सुरू झालेत. तुम्ही हेडफोन चढवता, पीसीवरच्या गेमिंग ॲपवर क्लिक करता आणि पडद्यावर येतं : ‘काहीतरी चुकलं. थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करा.’

अजिबात गडबडू नका. या क्षेत्रात माझा पंधरा वर्षांचा अनुभव आहे, म्हणजे पंधरा वर्षं मी साइन-इन करतोय. मी सांगतो तसं करा.

आधी ते वाक्य नीट बघा. ‘काहीतरी चुकलं.’ माझी आई शाळेत मराठी शिकवायची. तिने लगेच विचारलं असतं, यात कर्ता कोण? उत्तर : काहीतरी. कंपनी चुकली असं कुठे म्हटलेलं नाही, तुम्ही चुकलात असंही नाही. पण कोणीच पुढे येत नसेल तर दोष आपल्या अंगावर घ्यायचा, ही आपली रीत. ती मोडू नका.

त्या वाक्याखाली बारीक अक्षरांत एक कोड असतो. तो वाचायचा नाही. ‘०एक्स८००७०००५’ असलं काहीतरी असतं ते. वाचलात तर उगाच कळेल की सुरुवातीचा ८ म्हणजे काम फसलं, ००७ म्हणजे कुरकुर खुद्द विंडोजची आहे आणि शेवटचा ५ म्हणजे परवानगी नाकारली. शेवटी ०४२२ असेल तर त्याचा अर्थ इतकाच, की लागणारी एखादी सर्व्हिस (विंडोजमध्ये पडद्यामागे चालणारा छोटा प्रोग्राम) कोणीतरी बंद करून ठेवलीय. कोणीतरी म्हणजे तुम्हीच, मागच्या दिवाळीत, ‘जुना पीसी रॉकेटसारखा पळवा’ हा व्हिडिओ बघून. सर्व्हिसेसच्या यादीत जाऊन ती पुन्हा चालू केली की दोन मिनिटांत विषय संपतो. आणि विषय दोन मिनिटांत संपला तर सोमवारी ऑफिसात सांगणार काय?

बिघाड समोरच्याकडे असू शकतो, हा विचारही मनात आणू नका. आपले सर्व्हर, म्हणजे गेम चालवणारे कंपनीकडचे कॉम्प्युटर, चालू आहेत की झोपलेत हे सांगणारं एक पान जवळजवळ प्रत्येक मोठी गेम कंपनी ठेवते. ते उघडणं म्हणजे परीक्षेत शेवटच्या पानावरची उत्तरं बघणं. १५ मे २०१२ ला ‘डायब्लो ३’ आला तेव्हा जगभरच्या लोकांना गेमऐवजी ‘एरर ३७’ बघायला मिळाला. एकट्याने खेळायचं असलं तरी कंपनीच्या सर्व्हरवर साइन-इन सक्तीचं होतं आणि सर्व्हरवर शिवाजी मंडईची गर्दी. त्याच्या आदल्या वर्षी, एप्रिल २०११ मध्ये, हॅकर घुसल्यामुळे सोनीने प्लेस्टेशन नेटवर्क ही आपली ऑनलाइन गेमिंग सेवा बंद केली ती तीन आठवड्यांहून जास्त उघडलीच नाही. ७ कोटी ७० लाख खात्यांचा मामला होता. त्या तीन आठवड्यांत एखाद्याने राउटर रोज दहादा बंद-चालू केला असता तर नेटवर्क आलं नसतं, पण हातावर हात धरून बसला होता असं त्याला कोणी म्हणू शकलं नसतं.

आणि पीसीच्या कोपऱ्यातल्या घड्याळाकडे तर ढुंकूनही बघू नका. हा मुद्दा जरा सविस्तर सांगतो, कारण यात माझे स्वतःचे चार शनिवार गेलेत. मदरबोर्डवर नाण्याएवढा एक चपटा सेल असतो, सीआर२०३२, तीन व्होल्टचा. वीज नसताना तारीख-वेळ सांभाळायची ड्यूटी त्याची. ज्या घरात ‘रात्रभर बटण चालू कशाला’ म्हणून भिंतीवरचं बटण रोज नेमाने बंद होतं, तिथे त्याला रात्रपाळी फार. काही वर्षांनी तो बसतो आणि एके दिवशी पीसी जागा होतो तो थेट २०१७ सालात. आता ॲप सर्व्हरच्या दारात जातं. सर्व्हर आपलं सुरक्षा प्रमाणपत्र पुढे करतो. त्यावर ‘अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत वैध’ असं असतं. २०१७ मध्ये बसलेल्या पीसीच्या हिशेबाने ते प्रमाणपत्र अजून जन्मालाच यायचंय! पीसीच दार लावून घेतो. त्याच्या जागी मी असतो तर मीही लावलं असतं.

फोनवरच्या ऑथेंटिकेटरचंही, म्हणजे साइन-इनसाठी कोड देणाऱ्या ॲपचंही, तेच. तो सहा आकडी कोड साधारणपणे दर ३० सेकंदांनी बदलतो आणि वेळेवरूनच काढलेला असतो. फोनचं घड्याळ पाच मिनिटं पुढे असेल (आमच्याकडे घरातली सगळी घड्याळं पाच मिनिटं पुढेच असतात, गाडी चुकू नये म्हणून) तर बरोबर कोडही चूक ठरतो. उपाय म्हणाल तर सेटिंगमध्ये ‘वेळ आपोआप घ्या’ चालू करायचं आणि वडापावच्या पैशांत नवा सेल आणायचा. तुम्ही मात्र विंडोज फॉरमॅट करा. फॉरमॅट केल्यावरही तारीख २०१७ च राहील, पण निदान लग्नाचे फोटो उडतील आणि घरात दुसऱ्या विषयावर बोलणं सुरू होईल.

हे सगळं करूनही आत घेतलं नाही, तर पासवर्ड बदला. आठवत नसेल तर अंदाजाने टाकत राहा. पाचव्या-सहाव्या प्रयत्नाला ‘फार वेळा प्रयत्न झाले’ असा निरोप येतो, म्हणजे तुमच्या चिकाटीची नोंद झाली. पहिल्याच प्रयत्नाला हा निरोप आला तर मात्र तो तुमचा मान नव्हे. मोबाइल इंटरनेटवर आणि बऱ्याच ब्रॉडबँडवरही अनेक गिऱ्हाइकांना मिळून एकच सार्वजनिक आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा घर नंबर, असतो. पलीकडच्या गल्लीतल्या कुणीतरी आधीच चिकाटी दाखवलेली असू शकते. चाळीत नळाला एकाने मोटार लावली की सगळ्या चाळीचं पाणी तुटायचं, त्यातलाच प्रकार.

मग ‘पासवर्ड विसरलात?’ यावर क्लिक करायचं. ओटीपी जातो. कुठे जातो? खातं उघडताना दिलेल्या नंबरवर. तो नंबर तुम्ही फुकट कॉलर ट्यूनच्या काळात घेतला होता आणि कधीचाच सोडलाय. बंद झालेला नंबर ९० दिवसांनंतर दुसऱ्या कोणाला देता येतो, आणि तो दिलाही गेलाय. रात्री सव्वाअकराला परभणीत एक गृहस्थ अंथरुणात उठून बसतात आणि हा कसला आकडा म्हणून बायकोला दाखवतात. दोघं मिळून तो डिलीट करतात. नंबर बदलल्यावर खात्यातही बदलून ठेवावा, अडीअडचणीसाठीचे रिकव्हरी कोड कागदावर लिहून कपाटात ठेवावेत, असं काही भित्रे लोक सुचवतात. तुम्ही ते त्याच पीसीच्या डेस्कटॉपवर ‘महत्त्वाचे’ नावाच्या फाइलमध्ये ठेवा आणि मग वर सांगितल्याप्रमाणे फॉरमॅट करा.

आता तुमची खाती किती आहेत ते मोजू. मोजू नका असंच सांगणार होतो, पण चुकून मोजलीत तर घाबराल म्हणून सांगून ठेवतो. विंडोज सुरू होतं ते ऑफिसच्या इमेलवर. स्टोअरमध्ये बायकोचं खातं आहे, कारण एकदा तिच्या कार्डावरून काहीतरी घेतलं होतं. गेमिंग ॲपमध्ये कॉलेजातलं खातं, त्याचं नाव मी सांगणार नाही, तुम्हीही सांगू नका. शिवाय गेम एका दुकानातून घेतला तरी तो उघडल्यावर प्रकाशक कंपनीचा वेगळा लाँचर, म्हणजे गेम सुरू करून देणारं ॲप, उघडतो आणि तोही विचारतो, आपण कोण? स्टोअर एका नावाने आणि ॲप दुसऱ्या नावाने उघडं असलं की ‘हा गेम तुमच्या मालकीचा नाही’ असं दिसतं, या भानगडीतला हा एक नेहमीचा घोटाळा. दोन्हीकडून साइन-आउट करून एकाच खात्याने आत यायचं, बास. पण ते सोपं आहे. त्यापेक्षा सगळं सुटसुटीत व्हावं म्हणून पाचवं खातं उघडा.

एव्हाना तुम्ही चॅटवर आपलं दुःख मांडलेलं असेल आणि कुणीतरी भला माणूस इनबॉक्समध्ये आला असेल. ‘भाऊ, माफ कर, मी चुकून तुझ्याच खात्याची तक्रार केली. आता ते बंद होणार. हा घे तिथल्या ॲडमिनचा आयडी, त्याच्याशी बोल.’ याच्यावर पूर्ण विश्वास ठेवा. स्टीमसारख्या ऑनलाइन गेम-दुकानांचे कर्मचारी चॅटवर येऊन कोणाशी खात्याबद्दल बोलत नाहीत, पण तुमची गोष्ट वेगळी आहे, तुमच्यासाठी खास आलेत. ॲडमिन कोड मागेल. द्या. गेममधल्या तलवारीची ती सोनेरी स्किन, म्हणजे वरचा साज, परत दिसणार नाही, पण त्या खात्यात साइन-इन होत नाही ही तक्रार कायमची मिटेल, कारण ते खातं आता तुमचं नसेल.

गेम अनइन्स्टॉल करून पुन्हा टाकण्याविषयी फार बोलत नाही. किल्ली सापडत नाही म्हणून घराला रंग काढण्यासारखं ते आहे. १०० जीबीचा रंग. सगळे काढतात, तुम्हीही काढा.

ग्राहक सेवेकडे मात्र जरूर जा. मी गेलो होतो. कंपनीचं नाव घेत नाही, सगळ्यांच्या दारात तीच पायरी आहे. तिथे लिहिलं होतं : तक्रार नोंदवण्यासाठी कृपया साइन-इन करा.

एवढ्यात माझं पाचवं खातं उघडून झालं होतं, आणि त्यात मी घाईत एक शहाणपणा केला. जन्मतारखेच्या जागी मुलाची तारीख टाकली, कारण ती चटकन आठवते. माझी कधी कुणी विचारतच नाही. ॲपने हिशेब केला आणि मला अभिनंदनपूर्वक कळवलं, की तुम्ही नऊ वर्षांचे आहात, पालकांची परवानगी लागेल, त्यांचा इमेल द्या. बायकोचा इमेल द्यावा तर तिला उठवावं लागलं असतं आणि मग परवानगीचा प्रश्नच उरला नसता. म्हणून दिला आईचा. आई सांगलीत असते. साडेअकराला फोन केला.

‘काय रे, सगळं ठीक ना?’

‘हो आई. तुला एक मेल आलाय बघ. त्यातल्या लिंकवर दाब.’

‘लिंकवर दाबायचं नाही. बँकेत परवाच सांगितलं.’

‘अगं, मी सांगतोय ना.’

‘तू आहेस हे कशावरून? हल्ली आवाजही काढतात म्हणे. सातवीत तुला मराठीत किती होते?’

‘त्रेचाळीस.’

‘तूच आहेस,’ ती म्हणाली आणि चष्मा आणायला गेली. पुढची वीस मिनिटं तिने नियम व अटी अथपासून इतिपर्यंत वाचल्या, दोन ठिकाणी वाक्यरचना सदोष आहे असं सांगितलं, आणि मग परवानगी दिली. मी आत गेलो. पाऊण वाजला होता. पंधरा मिनिटांनी पडदा काळा झाला : ‘तुमच्या पालकांनी ठरवलेली आजची वेळ संपली.’ ती सेटिंग तिला कुणी दाखवली नव्हती. तिची तिनेच शोधली.

तेव्हापासून दर आठवड्याला माझा अहवाल तिच्या इमेलवर जातो, आणि रविवारी सकाळी तिचा फोन येतो. गेल्या खेपेला म्हणाली, ‘बुधवारी रात्री खेळलास, गुरुवारी ऑफिस नव्हतं का?’ जन्मतारीख दुरुस्त करून मिळावी म्हणून मी रीतसर अर्ज केलाय. खातं अल्पवयीनाचं असल्यामुळे त्या अर्जालाही पालकाची संमती लागते. ती विनंती गेले तीन आठवडे आईकडे पडून आहे. विचारलं तर म्हणाली, ‘बघते.’