‘लवकर निजे’ कुठे गेलं?

आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज दर दोन-तीन महिन्यांनी फिरून येतो. परवा दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी तो पुन्हा टाकला, सोबत उगवत्या सूर्याचा फोटो. मजकूर थोडक्यात असा: दिवसाचे २४ तास सगळ्यांना सारखेच मिळतात. यशस्वी माणसं पहाटे ४ ला उठतात. २१ दिवस नेटाने उठा, सवय लागेल. कुठल्याही विद्येला १०,००० तास द्या, तज्ज्ञ व्हाल. आठवड्याला ७० तास काम करा. ‘वेळ नाही’ ही आळशी माणसाची सबब आहे. खाली पंचवीसेक जणांचे जोडलेले हात.

मी पावणेपाचला उठते. पाच ते सहा नळाला पाणी असतं आणि त्याच तासात दोन डबे भरायचे असतात. चौदा वर्षं झाली, अजून मला कुणी यशस्वी म्हटलेलं नाही. म्हणून म्हटलं, एकेक मुद्दा नीट तपासून बघू. तपासताना लक्षात आलं की यात धादांत खोटं असं फार थोडं आहे. बहुतेक वाक्यांचा अर्धा भाग मात्र कुणीतरी कापून ठेवलाय.

पहाटे ४ चंच घ्या. आपल्या आज्यांनी शिकवलेली म्हण होती, ‘लवकर निजे, लवकर उठे, तया ज्ञान, संपत्ती, आरोग्य भेटे’. मेसेजमध्ये ‘उठे’ आहे, ‘भेटे’ आहे, ‘निजे’ गायब. मोठ्या माणसाला रोज निदान ७ तास झोप हवी असं निद्रातज्ज्ञ सांगतात. म्हणजे ४ ला उठायचं तर ९ ला डोळा लागलेला हवा. आमच्या इमारतीत ९ ला निम्मी माणसं नुकती लोकलमधून उतरून रिक्षाच्या रांगेत असतात आणि उरलेल्यांच्या कुकरची शिट्टी व्हायची असते. झोप चार-साडेचार तासांवर आणून उठलेला माणूस त्या पहाटेचं काय करणार, तर पेंगणार.

काकांचं यावर उत्तर ठरलेलं: ब्राह्ममुहूर्त. पण तो घड्याळावर ठरतच नाही, सूर्योदयावर ठरतो. सूर्योदयाच्या दोन मुहूर्त आधी तो सुरू होतो. एक मुहूर्त ४८ मिनिटांचा, म्हणजे ९६ मिनिटं आधी. जानेवारीत आपल्याकडे सूर्य सव्वासातच्या आसपास उगवतो, तेव्हा ब्राह्ममुहूर्त लागतो ५:४० च्या सुमारास. जूनमध्ये दिब्रुगडला सूर्य साडेचारच्या आधीच वर येतो, तिथे याच हिशेबाने पावणेतीनला उठावं लागेल. पंचांग मानायचं तर पूर्ण माना.

शिवाय सगळ्यांच्या शरीराचं घड्याळ एका वेळेला लावलेलं नसतं. वयात येणाऱ्या मुलांना तर झोपच उशिरा येते, आणि आपण तो वांडपणा समजतो. लहान मुलांची झोप पुरी होत नाही हे सरकारलाही पटलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्याच्या शालेय शिक्षण विभागाने पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी ९ च्या आधी भरवू नयेत असा आदेश काढला. त्यावर स्कूलबस आणि दुपारच्या वर्गांचं कसं जमवायचं म्हणून कुरकुर झालीच, तो विषय वेगळा.

आणि पहाटे उठल्यानेच लक्ष्मी घरी येत असती तर ससून डॉकवर अंधारात लिलावाला उभ्या राहणाऱ्या कोळणी, दादरच्या फूलबाजारात झेंडूच्या गोण्या उतरवणारे हमाल आणि पेपरची पोरं आज कुठल्या कुठे असती.

आता २१ दिवस. ह्या आकड्याचं मूळ मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकन प्लास्टिक सर्जनपाशी जातं. शस्त्रक्रियेनंतर पेशंटला आरशातला नवा चेहरा आपलासा वाटायला निदान २१ दिवस लागतात, असं निरीक्षण त्याने १९६० मध्ये लिहिलं. त्यातला ‘निदान’ वाटेत कुठेतरी गळाला. चेहराही गळाला आणि पहाटेचा गजर येऊन बसला. सवयीचा खरा अभ्यास पुढे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी केला. ९६ जणांनी प्रत्येकी एक साधी गोष्ट निवडली, म्हणजे जेवणासोबत फळ खाणं किंवा जेवणाआधी पळणं, आणि १२ आठवडे ती रोज नोंदवली. ती अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागतात असं निघालं. कुणाला १८ दिवस पुरले, तर कुणाचा हिशेब २५४ दिवसांपर्यंत गेला. पाण्याचा ग्लास लवकर जमतो, व्यायाम उशिरा. मला त्यातली आवडलेली गोष्ट अशी की मध्ये एखादा दिवस चुकला तरी फारसं बिघडत नाही. मेसेजच्या एका आवृत्तीत ‘खंड पडला तर पुन्हा पहिल्या दिवसापासून’ असा दमही असतो. त्या दमापायी माझ्या जावेने तिसऱ्यांदा चालणं सोडलं.

१०,००० तासांवर फार वेळ घालवत नाही. अँडर्स एरिक्सन आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये बर्लिनच्या संगीत अकादमीतल्या व्हायोलिनवादकांवर निबंध प्रसिद्ध केला, त्यातला हा आकडा. सर्वोत्तम गटाचा विसाव्या वर्षापर्यंतचा एकट्याने केलेला रियाज सरासरी तेवढा भरत होता. सरासरी, म्हणजे कुणाचा कमी, कुणाचा जास्त. दहा हजारावा तास भरला की दार उघडतं असं एरिक्सननी कधी म्हटलं नाही. पण त्याच निबंधात आणखी एक नोंद आहे, ती कुणी फॉरवर्ड करत नाही. हे सर्वोत्तम वादक रियाज दिवसाला साधारण साडेतीन तासच करत, मध्ये थांबून थांबून, आणि इतरांपेक्षा जास्त झोपत. दुपारी चक्क वामकुक्षी घेत. काकांना हे सांगायला हवं. २ ते ४ त्यांची बेल वाजवायची सोय नसते.

मेसेजची सुरुवात ज्या वाक्याने होते ते मी मुद्दाम मागे ठेवलं होतं. २४ तास सगळ्यांना सारखेच? राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. सहा वर्षांवरच्या बायका-मुलींपैकी ८१ टक्के जणी त्या दिवशी घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करत होत्या. पुरुषांत हे प्रमाण २६ टक्के. घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जात होती, घरकाम करणाऱ्या पुरुषांची ९७. म्हणजे तिच्या दिवसातून पाच तास आधीच वजा. आणि ज्याचे वजा होत नाहीत त्याचे ते कुणीतरी भरून दिलेले असतात. पहाटे ४ ला उठून ध्यान, व्यायाम, वाचन करणाऱ्या यशस्वी माणसाच्या दिनक्रमात पोळ्या कोण लाटतं ते कधीच लिहिलेलं नसतं.

राहिले ७० तास. देशातल्या तरुणांनी आठवड्याला एवढं काम करावं असं नारायण मूर्ती ऑक्टोबर २०२३ मध्ये म्हणाले, आणि तेव्हापासून हा आकडा अशा मेसेजमध्ये शिरला. जास्त तास म्हणजे जास्त काम, हे ऐकायला सरळ वाटतं. पहिल्या महायुद्धात ब्रिटनच्या दारूगोळा कारखान्यांत तास आणि माल या दोन्हींच्या नोंदी ठेवल्या गेल्या होत्या. कामगार बहुतेक बायका. जॉन पेनकॅव्हेल या अर्थशास्त्रज्ञाने शंभर वर्षांनी त्या पुन्हा चाळल्या. पन्नासेक तासांपर्यंत तासांच्या प्रमाणात माल वाढत होता, पुढे वाढ मंदावत गेली. ७० तासांच्या आठवड्यातला माल ५६ तासांच्या आठवड्यापेक्षा फारसा जास्त नव्हता. वरचे चौदा तास बाई कारखान्यात उभी होती, एवढंच. आपल्या १९४८ च्या कारखाना कायद्यातही आठवड्याची मर्यादा ४८ तासांची होती.

आणि मुंबईने हे आधीच करून पाहिलं आहे. गिरण्या उजाडल्यापासून मावळेपर्यंत चालायच्या, आठवड्याची ठरलेली सुट्टी नाही. १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या, हजारो सह्यांचा अर्ज केला. मागण्या काय, तर रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत. त्यातली रविवारची सुट्टी मिळायला १० जून १८९० उजाडावा लागला.

काकांना जिन्यात गाठून विचारलं, एवढा मोठा मेसेज कधी टाइप केलात? म्हणाले, “फॉरवर्डच होता गं. रविवार होता ना, निवांत होतो.”