आयर्विनचं पाणी कुठल्या रकान्यात?

काल सांगलीतल्या एका वाचनालयात माझी फूटपट्टी जप्त झाली. वय ४१, कॉलेजात शिकवते, आणि शिपाई चारचौघांत म्हणतो, "मॅडम, पेपर वाचायचा असतो, मापायचा नसतो."

मापायला मला तरी कुठं हौस आहे? पीएचडीचा विषय पुराच्या बातम्यांचं आशय विश्लेषण. बातमी किती कॉलम सेंटिमीटर ते मोजायचं नि तिला एका वर्गात टाकायचं. एकही बातमी दोन वर्गांत बसता कामा नये, एकही बाहेर उरता कामा नये. हा नियम करणाऱ्यानं आमच्या घरातला माळा बघितलेला नाही.

वर गाइड म्हणाले, "एकटीनं केलेलं वर्गीकरण म्हणजे तुमचं मत झालं. दुसरा कोडर आणा, त्याच बातम्या स्वतंत्रपणे वर्गांत टाकणारा." मैत्रिणींनी फोन उचलणं बंद केलं. उरले वाचनालयातले काका, पाटबंधारे खात्यातून निवृत्त.

पहिली बातमी : आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ४० फुटांवर. ४० ला इशारा, ४५ ला धोका, हे सांगलीत पोरांना पाढ्यांआधी येतं. मी लिहिलं 'नैसर्गिक आपत्ती'. काकांनी लिहिलं 'राजकारण'.

"काका, पाऊस राजकारण कसा?"

"पाऊस न्हाई ओ, अलमट्टी! तिकडं कर्नाटकात धरणाचं दरवाजे उघडंनात, हितं पाणी तुंबतंय."

"पण बातमीत अलमट्टीचं नावच नाही."

"तेच की! नाव का न्हाई, ह्यातच सगळं आलं."

मी शांतपणे सांगितलं, "आशय विश्लेषणाच्या अभ्यासक बेरेल्सननं १९५२ साली लिहून ठेवलंय, उघड छापलंय तेवढंच मोजायचं."

"२०१९ ला त्यो हितं हुता का? ५७ फुटाच्या वर गेलं हुतं पाणी."

नव्हता. मी होते. आमच्या जिन्याच्या भिंतीवर ती चिखलाची रेघ दोनदा रंग देऊनही दिसते. तरीही मी 'नैसर्गिक आपत्ती'च लिहिलं, कारण कोडबुकात, म्हणजे वर्ग ठरवायच्या नियमवहीत, तसं आहे आणि कोडबुक मीच लिहिलंय. चीड याची, की नुसतं मोजून अर्थ हाती लागत नाही, हे क्राकाउअर या अभ्यासकानं बेरेल्सनच्याच काळात मांडलंय. त्याचा मी प्रबंधात आदरानं उल्लेख केलाय. काकांना मात्र चहा पाजून गप्प बसवत होते.

५० बातम्यांत आमचं ३१ ठिकाणी जुळलं. त्यातूनही योगायोगानं जुळलेलं कोहेनचा कॅपा, म्हणजे दोन कोडर किती जुळले ते मोजणारा आकडा, वजा करतो. उरले ०.४२. गाइडना ०.८ हवेत. तोवर आणखी सहा महिन्यांची फी भरायची ती मी. कोहेनचं काय जातंय?

आज फूटपट्टी सोडवायला गेले. ती काकांच्या हातात होती. पानभर वाढदिवसाची जाहिरात मापत होते, आणि तोच शिपाई पान सरळ धरून उभा होता.

"मॅडम, हे पुरात घाला," काका म्हणाले. "सायेब बोटीत बसल्यात."